‘गाव करी ते राव न करी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मानसिक आजार झालेल्या माणसाला खेड्यात गावानेच आधार द्यावा, असं मी एका लेखात मांडलं होतं. त्याचा शेवट मी ‘गाव करी ते राव न करी’ या म्हणीने केला होता. त्यावर तुम्ही लिहिलंत, “अगदी बरोबर. वाळीत टाकायचं काम गावच करतं, रावाला ते जमत नाही.” वाचून आधी हसले. मग पुढचं वाचलं.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुमचे भाऊ नऊ वर्षं आजारी होते. एक शेजारी सोडला तर त्या काळात तुमच्या दारात कोणी फिरकलं नाही. ज्यांनी त्यांना नावं ठेवली त्यांनाच आधाराला बसवणं म्हणजे कुंपणानेच शेत खाल्ल्यावर पुन्हा त्याच कुंपणावर भरवसा ठेवणं, असं तुमचं म्हणणं. ऐकून घेणारा गावातलाच, ओळखीचा असला तर बोभाटा होणार, म्हणून लोक तोंडच उघडत नाहीत, हेही तुम्ही लिहिलंत. शिवाय खेड्यात डॉक्टर द्यायचे नाहीत म्हणून ‘लोकसहभाग’ हा गोड शब्द काढलाय, हाही आरोप.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे आपला वाद नाहीच. स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा आजार) किंवा तीव्र द्विध्रुवी आजार (टोकाचा उत्साह आणि टोकाची उदासी आलटून पालटून येणारा) असलेल्या माणसाला नुसत्या गप्पांवर ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. गावातल्या आधाराची जी उदाहरणं टिकली, त्यांच्या पाठीशी वैद्यकीय व्यवस्था होती. बेल्जियममधल्या घील गावात कित्येक शतकांपासून कुटुंबं मनोरुग्णांना घरात ठेवून घेतात; १९३८ साली तिथे असे तीन हजार सातशेहून अधिक लोक राहत होते. पण एकोणिसाव्या शतकापासून तिथे वैद्यकीय देखरेख आहे, आणि सांभाळणाऱ्या कुटुंबांना त्याचे पैसे मिळतात. हा भाग मी लेखात गाळला होता. तो गाळला की घील म्हणजे नुसती चांगुलपणाची गोष्ट वाटते, आणि मग डॉक्टर न देणाऱ्यांना ती सोयीची पडते. इथे तुमचा राग रास्त आहे.

दुसरी चूक तुम्ही पकडली नाही, पण तुमच्यामुळे मला दिसली. ‘लोकांना आजाराची माहिती दिली की भीती आपोआप जाते’ असं मी लिहिलं होतं. तसं होत नाही. अमेरिकेत १९९६ आणि २००६ साली लोकांची मतं विचारून तुलना केली गेली. दहा वर्षांत ‘हा मेंदूचा आजार आहे’ असं मानणारे वाढले, उपचार घ्यावेत म्हणणारेही वाढले. पण अशा माणसाशेजारी राहायला, त्याच्याबरोबर काम करायला किंवा त्याच्याशी सोयरीक करायला लोक पूर्वीइतकेच नाखूश राहिले. मेंदूत बिघाड आहे म्हटल्यावर उलट ‘मग हा कधी बरा व्हायचाच नाही’ असाही अर्थ निघू शकतो. भाषणं, फलक, पत्रकं यांवर माझा जो विश्वास होता तो यामुळे बराच उतरलाय.

मग फरक कशाने पडतो? या विषयावर २०२२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा अहवाल आला. त्याचा निष्कर्ष साधा आहे: आजारातून गेलेल्या माणसाशी प्रत्यक्ष संबंध येणं, हाच सर्वांत प्रभावी उपाय. शहरात त्यासाठी कार्यक्रम ठेवावा लागतो, पाहुणा बोलवावा लागतो. खेड्यात अमक्याचा मुलगा काल कसा होता आणि आज कसा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. तिथे काही लपत नाही, आणि तुमच्या घराला नऊ वर्षं त्रास झाला तो याच न लपण्याने. पण औषध लागू पडून माणूस पुन्हा कामावर यायला लागला, हिशेब करायला लागला, कुणाला चार शब्द सुनवायला लागला, की तेही त्याच डोळ्यांना दिसतं. म्हणून मी गाव सोडायला तयार नाही. आजारी माणसाचं बरं होणं गावाला दिसायचं, तर आधी बरं होण्याची सोय हवी. ती नसताना गावाला दिसतो तो फक्त आजार.

ही साखळी जोडता येते, याचं एक उदाहरण विदर्भात आहे. तिथल्या ३० खेड्यांत गावातलेच कार्यकर्ते, त्यांच्यामागे समुपदेशक आणि त्यांच्यामागे मनोविकारतज्ज्ञ अशी रचना केली गेली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं; दीड वर्षानंतरच्या पाहणीत ते २७.२ टक्के निघालं. उरलेले ७० टक्क्यांहून अधिक अजून लांबच आहेत हे मलाही दिसतं. पण कार्यकर्ता ओळखीचा असला की लोक तोंड उघडतच नाहीत, हे तुमचं म्हणणं मात्र इथे टिकत नाही.

आता बोभाट्याचा मुद्दा. सगळ्यात खरा हाच आहे. ऐकून घेणारी बाई कितीही सज्जन असो, ती कुणाची तरी जाऊ असते, कुणाची तरी नणंद. म्हणून गावात असा एकच माणूस नेमू नये. दोघंतिघं असावेत, शेजारच्या गावातलं कुणी असावं, आणि कुणाकडे जायचं हे त्रासात असलेल्याने ठरवावं. सरपंचाने किंवा सासूने नाही. वेगळं ‘मनोरुग्ण शिबिर’ तर भरवूच नये. रक्तदाब तपासायला येणारे ज्या रांगेत, त्याच रांगेत मनाची तक्रार घेऊन येणारे उभे राहिले तर बघणाऱ्याला काय कळणार? आणि कुणी मरणाची भाषा करत असेल, दिवसेंदिवस झोपत-जेवत नसेल, आवाज ऐकू येतात म्हणत असेल, तर ऐकणाऱ्याने आपल्यापाशी न ठेवता तज्ज्ञाकडे पोचवायचं. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही भरत नाही, हेही शिकवावं लागतं. भल्याभल्यांना ते विचारायचा धीर होत नाही.

शब्दांचंही असंच. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने २००६ च्या सुमारास १४ आज्यांना हाताशी धरून दवाखान्याच्या आवारात बाकं मांडली. त्याने नाव ठेवलं होतं ‘मानसिक आरोग्याचं बाक’. आज्या म्हणाल्या, यावर कोण बसेल? मग ते ‘मैत्रीचं बाक’ झालं. पुढे ५७३ जणांवर चाचणी घेतली. सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांपैकी साधारण १४ टक्क्यांत त्रासाची लक्षणं उरली होती. नेहमीचे उपचार घेतलेल्यांत जवळपास निम्म्यांत. (ही चाचणी हरारे शहरातली आहे, खेड्यातली नाही, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगते.) मला त्या आकड्यांपेक्षा नावाचा किस्सा जास्त पटतो. पदवी डॉक्टरकडे होती, पण बाकावर कोण बसेल आणि कोण नाही, हे आज्यांना माहीत होतं.

‘माहिती दिली की भीती जाते’ हे वाक्य मी मूळ लेखातून काढते आहे. ती म्हणही काढते. हवं असेल तर तिच्या जागी तुमची ओळ घालते, तुमची परवानगी असेल तरच.

एक विचारायचं आहे. तुमच्या लिहिण्यात ‘एक शेजारी सोडला तर’ एवढे चारच शब्द त्या माणसासाठी आलेत. तो नऊ वर्षं काय म्हणून येत होता? बोलायला काय विषय काढायचा? त्याला कुणी काही म्हणालं नाही का? तुमच्या भावाची हरकत नसेल, आणि तुम्हाला सवड झाली, तर तेवढं लिहाल का? मी जे सिद्धांतात शोधते आहे ते बहुधा त्याने रोज केलंय.