ग्रँट डफवर रागवायचं, तर नीट रागवा

मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणाऱ्या ग्रँट डफचं नाव निघालं की तिसऱ्या कमेंटला ठरलेलं वाक्य येतं: 'त्याने आपले अस्सल कागद वापरले आणि नंतर जाळून टाकले.' कुणी पाहिलं, कुठे नोंद आहे, विचारायची सोय नाही. विचारलंत की तुम्ही इंग्रजांचे वकील.

मी वकील नाही. उलट माझं म्हणणं असं, की या जाळपोळीच्या गोष्टीमुळे हा माणूस फार स्वस्तात सुटतो.

आधी माणूस कोण ते बघू. (ग्रँट रोडशी याचा संबंध नाही, ते गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट.) जेम्स ग्रँट, जन्म 1789, स्कॉटलंडमधलं बॅन्फ. बाप लवकर गेला, आईने ॲबर्डीनला वाढवलं. कंपनीत मुलकी नोकरी मिळायची होती, पण वाट बघवेना म्हणून गडी 1805 साली कॅडेट होऊन मुंबईला आला. 1808 मध्ये काठेवाडातल्या मालियाच्या गढीवरच्या हल्ल्यात नाव काढलं. फारसी शिकला, दुभाषा झाला आणि पुण्याचा रेसिडेंट (म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी) एल्फिन्स्टन याच्या हाताखाली आला. नावातलं 'डफ' आईच्या माहेरचं आहे. ते मागाहून, स्कॉटलंडला परतल्यावर आजोळची इस्टेट मिळाली तेव्हा जोडलं गेलं. साताऱ्याने पाहिला तो नुसता कॅप्टन ग्रँट.

आता 1818. आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या छावणीत असलेले छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि कारभार बघायला हा कॅप्टन नेमला. महाराज पंचविशीचे, कॅप्टन अठ्ठावीसचा. शिवछत्रपतींच्या वंशजाला राज्य कसं चालवायचं ते शिकवायला! मदतीला इंग्रजांना सामील झालेले बाळाजीपंत नातू. नातूंचं नाव काढलं की पुण्या-साताऱ्यात अजून लोक तोंड वाकडं करतात.

25 सप्टेंबर 1819 चा तह याच कॅप्टनच्या हातचा. वरकरणी फार उदार. नीरेपासून वारणेपर्यंत, सह्याद्रीपासून पंढरपूरकडच्या मुलखापर्यंत राज्य परत दिलं. पण त्यात एक कलम होतं: महाराजांनी बाहेरच्या कुठल्याही सत्तेशी परस्पर व्यवहार करायचा नाही. 1822 मध्ये ग्रँटने कारभार महाराजांच्या हाती सोपवला आणि प्रकृती ढासळल्यामुळे तो मायदेशी गेला. ते कलम मात्र साताऱ्यातच राहिलं. 1839 मध्ये प्रतापसिंहांवर आरोप ठेवले त्यातला एक होता गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त पत्रव्यवहाराचा. महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं, आणि 1847 मध्ये ते तिथेच गेले. महाराजांचे वकील रंगो बापूजी दाद मागायला लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं उंबरे झिजवून हात हलवत परत आले. 1848 मध्ये सातारा खालसा.

गंमत बघा. याच ग्रँटने आपल्या इतिहासासाठी गोवा सरकारशी संधान बांधून पोर्तुगीज दफ्तरातले उतारे मागवले होते. साहेबाने गोव्याला पत्र पाठवलं तर संशोधन, महाराजांनी पाठवलं तर फितुरी.

राग यायला हवा तो इथे. ज्याच्या हाती राज्याच्या नाड्या होत्या तोच त्या राज्याचा इतिहास लिहायला बसला. साताऱ्याचं दफ्तर त्याला उघडं, पुण्याचं उघडं, जहागीरदारांच्या घरचे कागद मागितले की हजर. चिटणीसांच्या बखरीपासून मुंबई-सुरतेच्या वखारींच्या नोंदींपर्यंत सगळं त्याने गोळा केलं. रेसिडेंटने कागद मागितले तर नाही कोण म्हणणार?

मेहनत मात्र त्याने जबर केली, ते मान्य करायला हवं. दिवसाला बारा-चौदा तास बसायचा. डोकेदुखी अशी की दर पाचव्या दिवशी उठायची आणि तासन्‌तास थांबायची नाही. ओलं फडकं डोक्याला गच्च बांधून तो काम करायचा. आपल्याकडे अभ्यासक म्हणवणाऱ्या किती जणांनी इतकं सोसलंय ते त्यांनीच सांगावं. तीन खंड लिहून झाले तर लंडनचा प्रकाशक मरे म्हणतो, मराठे कुणाला माहीत आहेत, नाव बदला, मोगलांचा ऱ्हास आणि इंग्रजांचा उदय असं काहीतरी ठेवा. हा अडून बसला, की इतिहास मराठ्यांचा आहे तर नावही तेच राहील. शेवटी दुसरीकडून 1826 मध्ये पुस्तक निघालं आणि त्यात याच्याच खिशाला खार लागला.

त्या पुस्तकात काय आहे? थेऊरच्या माधवरावांवरचं ते वाक्य आठवा, की पानिपताच्या घावापेक्षा या पेशव्याचा अकाली मृत्यू राज्याला कमी घातक ठरला नाही. आपण ते भाषणांत, लेखांत, स्मरणिकांत मोठ्या अभिमानाने वापरतो. ते डफचंच. तेव्हा कुणाला तो इंग्रज असल्याचं आठवत नाही.

आणि त्याच पुस्तकात अफझलखान प्रकरण असं रंगवलंय की महाराजांनी ठरवून दगा केला, मिठीतच वाघनख चालवलं. खानाच्या बाजूने दगा होता हे सांगणाऱ्या आपल्या बखरी त्याच्या टेबलावर होत्या, तरी झुकतं माप कुणाला ते उघड आहे. लंडनहून 2024 मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात जी वाघनखं आली, ती याच्याच घराण्याकडून तिकडच्या संग्रहालयाला मिळालेली. मी रांगेत उभा राहून बघून आलो. बारकं पोलादी हत्यार, बोटांत घालायच्या कड्या आणि खाली वळलेली नखं. त्यांच्या पेटीवरचा मजकूर सांगतो की मोगल सरदाराला मारलं ते हे हत्यार, आणि ग्रँटला ते पेशव्यांच्या प्रधानाने भेट दिलं. अफझलखान आदिलशाहीचा, त्याला मोगल करून टाकला! ती वापरातली वाघनखं हीच का, याची खात्री ते संग्रहालय स्वतःही देत नाही. रांगेत माझ्या पुढचे एक काका नातवाला 'ग्रँट साहेबाने चोरून नेली' असं सांगत होते. मी गप्प बसलो. रांगेत वाद घालू नये.

पण माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात घातक गोष्ट अफझलखानाची नाही. मराठ्यांचा उदय कसा झाला, तर सह्याद्रीतल्या वाळल्या गवताला वणवा लागावा तसा, अशी त्याची मांडणी. म्हणजे यामागे विचार नाही, संघटना नाही, लोक नाहीत. पेटलं आणि पसरलं. न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 साली मराठी सत्तेच्या उदयावर पुस्तक लिहिलं ते या मांडणीला उत्तर म्हणूनच. वणव्यामागे जमीन कुणी तयार केली, संतांनी काय केलं, महाराजांनी माणसं कशी जोडली, हे त्यांनी मुद्द्याने मांडलं.

त्याच्याही आधी, 1867 च्या सुमारास, पुण्यात नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या एका कॉलेजातल्या पोराने डफच्या बखरीवर टीका लिहिली. तोवर कॅप्टन केपनने केलेलं डफचं मराठी भाषांतर शाळांतून चालत होतं. आपल्याच पोरांना आपला इतिहास साहेबाच्या तोंडून! कीर्तन्यांनी डफच्या चुका तर दाखवल्याच, शिवाय याने नुसत्या लढाया मोजल्या, लोकस्थिती कुठे आहे, असंही विचारलं. पुढे जुने कागद छापणारं 'काव्येतिहाससंग्रह' मासिक निघालं, इतिहासकार राजवाडे घरोघर फिरून माळ्यावरची दफ्तरं उतरवू लागले. डफला शह द्यायचा तर कागद हवेत, हे त्या लोकांना कळलं होतं.

आता जाळपोळ. पुस्तकासाठी केलेल्या नकला आपण मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्या, असं डफ सांगतो. पुढे शोधणाऱ्यांना त्या तिथे मिळाल्या नाहीत. यातून 'जाळल्या' तयार झालं असावं, असा माझा अंदाज. पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल (कागदांचे गठ्ठे) आजही पुण्यात आहेत, मोडी वाचणाऱ्यांची वाट बघत. कागद जळाल्याची पक्की घटना हवी असेल तर 5 नोव्हेंबर 1817 ची घ्या. खडकीच्या लढाईच्या दिवशी पेशव्यांच्या लोकांनी संगमावरची रेसिडेन्सी पेटवली, त्यात एल्फिन्स्टनची पुस्तकं आणि कागद गेले. ही कुणी फॉरवर्ड करत नाही.

डफ 1858 मध्ये गेला. मुलाचं नाव त्याने आपल्या साहेबावरून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवलं होतं. तो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला, तिथल्या समुद्रकिनाऱ्याला 'मरिना' हे नाव त्याचंच.

कीर्तन्यांची ती टीका छोटीशी आहे, एका बैठकीत वाचून होते. कुणाकडे जुनी प्रत असेल तर कमेंटमध्ये कळवा, मला त्यातल्या तळटिपा ताडून बघायच्या आहेत. आणि जाळल्याचा पुरावा कुणाकडे असेल तर तोही टाका. स्क्रीनशॉट नको, कागद.