"अँड्रॉइड सोडलं की सगळं जातं" हे खरं नाही, एकेक मुद्दा घेऊन सांगते

सोसायटीच्या, शाळेच्या, भिशीच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आलाच असेल. वर "सावधान, अँड्रॉइडवरून आयफोनवर जाऊ नका" आणि खाली यादी: व्हॉट्सअ‍ॅपचे जुने चॅट कायमचे जातात, बँकेची अ‍ॅप आणि यूपीआय बंद पडून पैसे अडकतात, फोटो आणि नंबर उडतात, मराठीत लिहिता येत नाही, विकत घेतलेली अ‍ॅप परत विकत घ्यावी लागतात, आणि एकदा गेलात की परत येता येत नाही.

मला हा मेसेज नुसता खोटा म्हणून उडवायचा नाहीये, कारण त्यातलं काही पूर्वी खरं होतं आणि थोडं आजही खरं आहे. पण तो वाचून लोक, खास करून साठीच्या पुढची मंडळी, इतकी घाबरतात की मुलीने हौसेने घेऊन दिलेला फोन कपाटात पडून राहतो. आणि काही जण उलट करतात, कोणाला न विचारता एका दुपारीत फोन बदलतात आणि मग जे जायला नको ते खरंच जातं. आमच्या ओळखीत ज्यांचं काही गेलं त्यांच्या बाबतीत कारण जवळजवळ नेहमी एकच निघालं, जुना फोन फार लवकर हातातून गेला. सिस्टीम बदलण्याचा त्यात फारसा दोष नव्हता. तर आता एकेक मुद्दा.

"व्हॉट्सअ‍ॅपचे चॅट कायमचे जातात." २०२२ च्या मध्यापर्यंत हे बरोबर होतं, अँड्रॉइडवरून आयफोनवर चॅट नेण्याची अधिकृत सोयच नव्हती. जून २०२२ मध्ये ती चाचणीसाठी आली आणि जुलैमध्ये सगळ्यांना मिळाली. अ‍ॅपलचं 'मूव्ह टू आयओएस' नावाचं अ‍ॅप २०१५ पासून प्ले स्टोअरवर आहे, ते जुन्या फोनवर टाकायचं, नवा आयफोन पहिल्यांदा चालू करताना अँड्रॉइडवरून डेटा आणायचा पर्याय निवडायचा, आयफोनवर कोड दिसतो तो जुन्या फोनवर टाकायचा, आणि काय काय न्यायचं त्या यादीत व्हॉट्सअ‍ॅपवर टिक करायची. नंतर आयफोनवर अ‍ॅप स्टोअरमधून व्हॉट्सअ‍ॅप घेऊन त्याच नंबरने लॉगिन करायचं. वैयक्तिक चॅट, ग्रुप, फोटो, व्हिडिओ, व्हॉइस मेसेज सगळं येतं. कॉलची यादी येत नाही, पण त्यासाठी कोणी रडत नाही.

मग "माझे गेले" म्हणणारे एवढे लोक का भेटतात? कारण त्यांना वाटतं की रोज रात्री दोन वाजता गुगल ड्राइव्हवर बॅकअप होतोय ना, मग नव्या फोनवर नंबर टाकला की तो आपोआप उतरेल. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाताना उतरतो, पण आयफोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप वाचत नाही, ते आयक्लाउड, म्हणजे अ‍ॅपलची ऑनलाइन साठवण, बघतं. आणि चॅट नेण्यासाठी आयफोन नवाकोरा किंवा पूर्ण रिसेट केलेला लागतो. म्हणजे दुकानातल्या मुलाने उत्साहाने फोन चालू करून, सेटअप संपवून, व्हॉट्सअ‍ॅप टाकून हातात दिला की समोर रिकामी स्क्रीन, आणि मग आपण ठरवून टाकतो की गेलं सगळं. गेलेलं नसतं हो. जुन्या फोनवरचा डेटा या सगळ्यात पुसला जात नाही, जोवर तुम्ही तिथलं व्हॉट्सअ‍ॅप काढत नाही किंवा फोन रिसेट करत नाही तोवर तो तिथेच असतो. आयफोन पुन्हा पुसायचा आणि नीट पहिल्यापासून सुरू करायचं. फक्त जुना फोन घरात हवा!

आणि इथेच ती एक्सचेंज ऑफर येते. नवा फोन घेऊन माणूस दारात येतो, जुना तपासतो, आणि बऱ्याच वेळा तेव्हाच घेऊन जातो. चारदोन हजार सुटतात म्हणून आपण घाईघाईत रिसेट करून देतो. माझ्या आत्याच्या फोनमध्ये तिच्या मिस्टरांचे शेवटच्या वर्षातले व्हॉइस मेसेज होते, आणि एक्सचेंजचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. मी भांडून ती एक्सचेंज रद्द करायला लावली, जुना फोन महिनाभर ठेवला, सगळं आलंय हे तिने स्वतः ऐकून बघितलं आणि मग तो विकला. थोडे कमी पैसे आले, आले तर आले. हा मुद्दा मी कितीही वेळा सांगेन, नव्या फोनच्या पैशात जुन्याची किंमत धरूच नका, निदान पहिला महिना.

"बँकेची अ‍ॅप आणि यूपीआय बंद पडतात, पैसे अडकतात." हा सगळ्यात जास्त घाबरवणारा मुद्दा आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर. पैसे तुमच्या बँकेच्या खात्यात आहेत, फोनमध्ये नाहीत. यूपीआय अ‍ॅप फक्त एवढं बघतं की हा फोन आणि हा नंबर खरंच या खातेदाराचा आहे का, आणि ते बघण्यासाठी तुमच्या सिममधून एक एसएमएस जातो. फोन बदलला की ही ओळख नव्याने करावी लागते. हे अँड्रॉइडवरून दुसऱ्या अँड्रॉइडवर गेलात तरी करावंच लागतं, त्याचा आयफोनशी संबंध नाही. यूपीआय पिन तोच राहतो, नवा काढायची गरज नसते.

फरक एकच आहे. अँड्रॉइडवर तो एसएमएस तुम्ही परवानगी दिली की अ‍ॅप गुपचूप पाठवतं, आयफोनवर कोणत्याही अ‍ॅपला तसा परस्पर एसएमएस पाठवता येत नाही, त्यामुळे मेसेजची स्क्रीन उघडते, त्यात काहीतरी अगम्य अक्षरं लिहिलेली असतात, आणि पाठवण्याचं बटण तुम्ही स्वतः दाबायचं असतं. पौड रोडला राहणारे आमचे एक काका ती अक्षरं बघून घाबरले, त्यांना वाटलं फ्रॉड आहे, आणि दरवेळी मागे जात होते, चार दिवस मंडईत रोख पैसे घेऊन हिंडले. त्यांची सावधगिरी चूक नाहीये, उलट चांगली आहे, पण तुम्ही स्वतःहून अ‍ॅप स्टोअरमधून घेतलेल्या अ‍ॅपमध्ये, स्वतः नोंदणी सुरू केल्यावर उघडलेला तो मेसेज न बदलता पाठवायचा असतो. दोन सिम असतील तर बँकेत जो नंबर दिलाय त्याच सिममधून. आणि रिचार्जमध्ये एसएमएस आहेत का ते बघा, नुसता डेटाचा पॅक असेल तर मेसेज जातच नाही आणि आपण आयफोनला दोष देत बसतो.

अजून तीन गोष्टी यातच. यूपीआय लाइटमध्ये (छोट्या रकमा पिन न टाकता देण्यासाठी वेगळे काढून ठेवलेले) पैसे असतील तर फोन बदलायच्या आधी जुन्या फोनवर लाइट बंद करा, शिल्लक खात्यात परत येते, कारण लाइट त्या फोनला बांधलेलं असतं. दुसरं, नव्या फोनवर नोंदणी केली की सुरुवातीला रकमेवर मर्यादा असते, पहिले एक ते तीन दिवस साधारण ५,००० रुपये धरून चाला, म्हणून शाळेची फी भरायच्या दिवशी किंवा लक्ष्मी रोडला लग्नाची खरेदी करायला निघायच्या सकाळी फोन बदलू नका. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, फोन बदलताना त्याच दिवशी सिम बदलू नका. नवं सिम किंवा ई-सिम (कार्डाशिवायचं, फोनमध्येच असलेलं सिम) घेतलं की सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद ठेवतात, म्हणजे ओटीपी नाही, नोंदणी नाही, काही नाही. आहे तेच सिम जुन्यातून काढून नव्यात घातलं तर ही भानगड होत नाही. ई-सिम करायचंच असेल तर आठवड्याने करा.

आता या मुद्द्यात जे खरं आहे ते. पुण्यात खूप लोकांची खाती छोट्या सहकारी बँकांमध्ये आहेत, आणि प्रत्येक छोट्या बँकेचं अ‍ॅप आयफोनवर असेलच असं नाही. फोन घ्यायच्या आधी कोणाच्या तरी आयफोनवर अ‍ॅप स्टोअर उघडून आपल्या बँकेचं नाव शोधा, दोन मिनिटं लागतात. नसेल तर शाखेत विचारा. हिंजवडीवाल्यांनी अजून एक बघायचं, ऑफिसच्या लॉगिनसाठी जे कोड देणारं ऑथेंटिकेटर असतं ते. गुगलच्या ऑथेंटिकेटरमधले कोड क्यूआर दाखवून आयफोनवर नेता येतात आणि एप्रिल २०२३ पासून गुगल खात्यातही सिंक होतात, पण मायक्रोसॉफ्टच्या ऑथेंटिकेटरचा अँड्रॉइडवरचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही, खाती एकेक करून पुन्हा जोडावी लागतात आणि त्यासाठी जुना फोन चालू लागतो. तो आधीच देऊन टाकला असेल तर सोमवारी सकाळी हेल्पडेस्कची विनवणी करायची वेळ येते.

"फोटो आणि नंबर उडतात." नाही. गुगल फोटोजचं अ‍ॅप आयफोनवरही आहे, त्याच जीमेलने लॉगिन केलं की बॅकअप झालेले सगळे फोटो दिसतात. नंबर जीमेलला सेव्ह असतील तर आयफोनच्या सेटिंगमध्ये तेच खातं जोडून कॉन्टॅक्ट चालू करायचे, झालं. पण "बॅकअप झालेले" हा शब्द नीट वाचा, कारण गुगल फोटोज आपणहून फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर घेतं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो आणि स्क्रीनशॉट यांची फोल्डर वेगळी चालू करावी लागतात. आणि फुकटची १५ जीबी जागा भरली असेल तर बॅकअप कधीच थांबलेला असू शकतो, त्याची पिवळी सूचना वर येत असते आणि आपण ती बंद करत असतो. आधी ते तपासा. आयक्लाउड फुकटात ५ जीबीच देतं, त्यामुळे आयफोनवर गेल्यावरही बरेच जण गुगल फोटोजच वापरत राहतात, त्यात काहीच वावगं नाही.

"मराठीत लिहिता येत नाही." हे ज्याने लिहिलं त्याने आयफोनचं कीबोर्ड सेटिंग उघडून बघितलेलं नाही एवढंच म्हणते. मराठी देवनागरी कीबोर्ड त्यात आधीपासून आहे, गुगलचा जीबोर्डही आयफोनवर टाकता येतो, आणि २०२५ मध्ये आलेल्या आयओएस १८.४ पासून तर अख्खा फोनच मराठीत करता येतो, मेनू, सेटिंग सगळं. आईला करून दिलंय, ती खूश आहे. हां, अँड्रॉइडवरच्या जीबोर्डची सवय असेल तर आयफोनवरचा तोच जीबोर्ड थोडा कमी सोयींचा वाटतो, आणि पासवर्डच्या रकान्यात तो आपोआप बाजूला होऊन आयफोनचा स्वतःचा कीबोर्ड येतो, ते बिघडलेलं नसतं.

"विकत घेतलेली अ‍ॅप परत घ्यावी लागतात." हे खरं आहे. प्ले स्टोअरवर एकरकमी पैसे देऊन घेतलेलं अ‍ॅप अ‍ॅप स्टोअरवर फुकट मिळत नाही. पण आपल्यापैकी किती जणांनी अशी अ‍ॅप घेतलीयत? बहुतेक पैसे महिन्याच्या वर्गणीचे असतात, आणि सिनेमा, गाणी, वर्तमानपत्र यांची वर्गणी त्या त्या खात्याला असते, फोनला नाही, त्याच ईमेलने लॉगिन केलं की चालू. उलट काळजी ही घ्या की प्ले स्टोअरमधून लावलेली वर्गणी फोन बदलल्याने थांबत नाही, पैसे कापले जात राहतात, नको असेल तर ती आठवणीने रद्द करा.

खरा खर्च कुठे होतो ते मेसेजमध्ये आलंच नाहीये, तो घड्याळात होतो. सॅमसंगची गॅलेक्सी वॉच ४ आणि त्यापुढची घड्याळं आयफोनशी जोडली जात नाहीत, आणि अ‍ॅपलचं घड्याळ अँड्रॉइडवर अजिबात चालत नाही. वडिलांच्या हातात हार्टरेटसाठी घड्याळ असेल तर फोनआधी त्याचा विचार करा.

"एकदा गेलात की परत येता येत नाही." येता येतं, आणि तो रस्ता आधी उघडला. आयफोनवरून अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप नेण्याची सोय २०२१ मध्येच आली, आधी सॅमसंगच्या फोनवर आणि मग पिक्सेल आणि अँड्रॉइड १२ वाल्या फोनवर. केबलने दोन्ही फोन जोडायचे, नव्या अँड्रॉइडच्या सेटअपच्या वेळीच करायचं, आणि इथेही नवा फोन कोराच लागतो. आयक्लाउडमधले फोटो गुगल फोटोजमध्ये पाठवण्याची सोय अ‍ॅपलच्याच डेटा आणि प्रायव्हसीच्या पानावर आहे, विनंती टाकायची, काही दिवसांत होतं.

परत येताना एक गोष्ट मात्र सिम काढायच्या आधी करायची, आयफोनच्या सेटिंगमध्ये आयमेसेज (अ‍ॅपलची स्वतःची, इंटरनेटवरून मेसेज पाठवण्याची सोय) बंद. नाहीतर ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी तुम्हाला पाठवलेले मेसेज आयमेसेजनेच जात राहतात आणि तुमच्या नव्या फोनवर पोचत नाहीत. राहून गेलं तरी इलाज आहे, नोव्हेंबर २०१४ पासून अ‍ॅपलचं एक पान आहे, तिथे आपला नंबर टाकायचा, कोड येतो, तो भरला की नंबर मोकळा होतो. आयफोन विकायचा असेल तर त्याआधी आयक्लाउडमधून साइन आउट करा, नाहीतर पुढच्या माणसाला तो तुमचा पासवर्ड मागत बसतो. अँड्रॉइड विकताना तेच गुगल खात्याचं, आधी खातं काढा, मग रिसेट.