खुलासा : ‘सात वर्षे झाली, आता क्रियाकर्म उरका’ या संदेशाबाबत

बेळगाव, खानापूर, निपाणी भागांतील व्हॉट्सॲप गटांवर असा संदेश फिरत आहे की, बेपत्ता माणूस सात वर्षांत परतला नाही तर तो कायद्याने आपोआप मृत ठरतो, म्हणून घरच्यांनी क्रियाकर्म उरकून विषय संपवावा.

हे अर्धसत्य आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम १११ (पूर्वीच्या कायद्यातील कलम १०८) एवढेच सांगते की, ज्यांना एरवी बेपत्ता माणसाची खबर मिळाली असती त्यांना सात वर्षे ती मिळाली नसेल, तर तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. हा पुराव्याचा नियम आहे. क्रियाकर्माची सक्ती त्यात कुठेही नाही.

दुःखाबद्दलचा सल्ला तर अधिक घातक आहे. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा १९७० च्या दशकात अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधक पॉलिन बॉस यांची मांडणी अशी की, या दुःखाला बाहेरून शेवट लादता येत नाही. ‘गेले असतील’ आणि ‘येतीलही’ हे दोन्ही मनात बाळगून माणसे जगू शकतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पती बेपत्ता असलेल्या वहिनींना बोलवावे की नाही याची कुजबुज करण्यापेक्षा ‘तुम्हाला यायला आवडेल का?’ असे त्यांनाच विचारावे, आणि त्यांनी पतीचा विषय काढला तर तो बदलू नये.

कृपया हा संदेश पुढे पाठवू नये; ज्या गटावर तो आला असेल तेथे हा खुलासा द्यावा.