पंक्चर, नणंद आणि पाच लाख सह्या

कॅन्सासमध्ये गाडी पंक्चर झाली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते, मी जॅक लावून स्टेपनी काढत होते आणि नाशिकहून आलेल्या माझ्या नणंदबाई मोबाईलचा टॉर्च धरून उभ्या होत्या. म्हणजे धरला होता पण स्वतःच्या चेहऱ्यावर, कारण फॅमिली ग्रुपला व्हिडिओ चालला होता, "आम्ही आज केवढं ड्रायव्हिंग केलं!" आम्ही. सकाळपासून स्टिअरिंगला हात कुणी लावलाय ते त्या गाडीलाच विचारा.

मला तेव्हा इंगेबोर्ग किंडस्टेड आठवली. १९१५ साली अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळावा म्हणून सॅन फ्रान्सिस्कोहून वॉशिंग्टनला पाच लाख सह्यांचा अर्ज घेऊन ओव्हरलँड गाडी निघाली, सप्टेंबरात निघाली ती डिसेंबरात पोचली. गाडी मारिया किंडबर्गची, चालवायची तीच, बिघडली की इंगेबोर्गने दुरुस्त करायची, दोघी मूळच्या स्वीडनच्या. आणि तिसरी सारा बार्ड फील्ड, हिला ड्रायव्हिंग येत नव्हतं, ही गावोगावी भाषणं ठोकायची आणि हार, फोटो, पेपरात नाव सगळं हिलाच. शेवटी इंगेबोर्ग चिडून तुला ठार मारीन म्हणाली, हे खुद्द सारानेच म्हातारपणी सांगितलंय.

मी हे सगळं नट ढिले करता करता ताईंना ऐकवलं, जरा जोर देऊनच. पुढे जाऊन इथेच कॅन्सासमध्ये त्यांची गाडी रात्री चिखलात रुतली होती हेही सांगितलं. (गंमत म्हणजे कॅन्सासच्या बायकांना १९१२ लाच मत मिळालं होतं, म्हणजे जिथे प्रचाराची गरजच नाही तिथे अडकल्या.)

"मग काढली कुणी?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंडातून गेलंच, की सारा अंधारात चिखल तुडवत गेली, एका शेतकऱ्याला उठवलं, त्याने घोडे लावून गाडी ओढली.

"बघ! शेवटी बोलणारीच कामाला आली ना?"

"मग जा की ताई, आणा एखादा शेतकरी."

"अगं, आता गाडी अडली की मदतीला ट्रिपल ए असतं की," म्हणाल्या आणि टॉर्च पुन्हा स्वतःकडे वळवला, सासूबाई लाइव्ह आल्या होत्या.