पोलिसांसाठी खास गाडी ‘स्वस्त पडली असती’? हिशोब जुळत नाही

अमेरिकेत पोलिसांसाठी खास बनवलेली एक अफलातून गाडी सरकारनं मारली, अशी गोष्ट गाडीप्रेमींमध्ये अधूनमधून फिरत असते. ती गाडी म्हणजे कार्बन मोटर्स या नव्या अमेरिकी कंपनीची ई-७. २००८ मध्ये तिचा नमुना लोकांसमोर आला आणि जून २०१३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. दावा असा: आगीसाठी खास बंब असतो, रुग्णांसाठी खास रुग्णवाहिका असते, मग पोलिसांनीच घरगुती गाडीवर दिवे लावून का फिरायचं? ई-७ डिझेल कमी प्यायली असती, अडीच लाख मैल टिकली असती, एकूण खर्चात स्वस्त पडली असती. सरकारनं कर्ज नाकारलं म्हणून सगळं बुडालं.

आधी बंब आणि रुग्णवाहिका. अमेरिकेतली नेहमीची रुग्णवाहिका फोर्डसारख्या कंपनीच्या व्हॅनच्या किंवा ट्रकच्या सांगाड्यावरच बांधलेली असते, त्यामुळे ते उदाहरण दावा करणाऱ्यांच्याच विरोधात जातं. बंब खास असतो, खरं. पण तो लाखो डॉलरचा असतो, दिवसाचा बराच वेळ स्टेशनात उभा असतो आणि पंधरा-वीस वर्षं चालवला जातो. गस्तीची गाडी पाळीमागून पाळी पळते, धडका खाते आणि काही वर्षांत बाद होते. दोघांना एकच हिशोब कसा लावणार?

आता मुख्य मुद्दा, ‘एकूण खर्च’. ई-७ ची एकही गाडी कुठल्या पोलिस खात्याला विकली गेली नाही. जी गाडी रस्त्यावर आलीच नाही तिचा आयुष्यभराचा खर्च कुणी मोजला? तो होता कंपनीचा अंदाज, आणि लोक तो सिद्ध झाल्यासारखा सांगतात. गस्तीच्या गाडीचा खरा खर्च शोरूममध्ये कळत नाही, तो गॅरेजमध्ये कळतो. फोर्ड एक्सप्लोररच्या पोलिस आवृत्तीचा फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, चेपला, तर तसल्याच एक्सप्लोरर अमेरिकेत वर्षाला दोन लाखांच्या आसपास विकल्या जातात, त्यामुळे भाग कुठेही मिळतो आणि तिच्यावर हात बसलेला मेकॅनिकही मिळतो. ई-७ चे मागचे दरवाजे उलट्या बाजूनं उघडणारे होते. बेड्या घातलेल्या माणसाला बसवायला-उतरवायला ते फार सोयीचे, हे मी मनापासून मान्य करतो. पण तो दरवाजा, ती काच, ती बिजागरी जगात दुसऱ्या कुठल्याच गाडीला नव्हती. अमेरिकेत सुमारे १८,००० पोलिस यंत्रणा आहेत आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांत दहापेक्षा कमी अधिकारी आहेत. असल्या छोट्या गावात दोन-तीन गाड्या असतात. एक गाडी दरवाजाची वाट बघत उभी राहिली, की रात्रीची गस्तच बंद पडते.

फेरविक्रीचाही विचार या दाव्यात कुठे दिसत नाही. क्राउन व्हिक्टोरिया, म्हणजे फोर्डची जुनी गस्तीची गाडी; निवृत्त झाल्यावर या गाड्या लिलावात जायच्या, टॅक्सी व्हायच्या, गावाच्या तिजोरीत चार पैसे परत यायचे. ई-७ सामान्यांना विकायचीच नाही, असं कंपनीचं धोरण होतं.

‘घरगुती गाडीवर नुसते दिवे’ हे तर अगदीच खोटं. पोलिस आवृत्तीत जास्त ताकदीचा अल्टरनेटर (गाडीत वीज बनवणारं यंत्र) असतो, तेल थंड ठेवायची सोय असते, ब्रेक दणकट असतात. सीटच्या कडा मुद्दाम कमी फुगीर ठेवतात, म्हणजे कमरेचं पिस्तूल आणि पट्टा टोचत नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ नेतात, कारण मधली जागा रेडिओ आणि संगणकाला लागते. बसून बसून ज्यांची पाठ जाते त्यांचं ऐकूनच हे बदल झालेत.

सुरक्षेबद्दल मात्र दावा करणाऱ्यांची तळमळ खरी आहे. क्राउन व्हिक्टोरियाला मागून जोरात धडक बसली की टाकी फुटून आग लागायची आणि त्यात पोलिस जळून गेले. ही गोष्ट विसरता कामा नये. ई-७ नं ताशी ७५ मैलांची मागची धडक सोसण्याचं वचन दिलं होतं. ते पाळलं कुणी? फोर्डच्याच टॉरस आणि एक्सप्लोररवर बेतलेल्या पोलिस गाड्यांनी, त्याच कसोटीला उतरून. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून जळणाऱ्या इंधनावर उपायही २०२० च्या एक्सप्लोररमध्ये आला, हायब्रिडच्या रूपानं.

राहिलं कर्ज. कार्बन मोटर्सनं अमेरिकी सरकारच्या ऊर्जा खात्याकडे सुमारे ३१ कोटी डॉलर मागितले होते, मार्च २०१२ मध्ये नकार आला. कंपनीनं राजकारणाला दोष दिला. पण बीएमडब्ल्यूशी २,४०,००० डिझेल इंजिनांचा करार होता, आणि अमेरिकेत सगळ्या कंपन्यांच्या मिळून पोलिस गाड्या वर्षाला लाखभरही खपत नाहीत. खाजगी पैसाही पुरेसा पुढे आला नाही. इंडियानातल्या कॉनर्सव्हिलच्या बंद कारखान्यात हजारावर नोकऱ्या येणार म्हणून ते गाव आशेवर होतं, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. तिथल्या लोकांना इतकं मोठं आश्वासन द्यायलाच नको होतं.

आणि समजा, कर्ज मिळालं असतं, तर? त्याच्या जवळ जाणारा प्रयोग झालेला आहे. जनरल मोटर्सच्या शेव्हरलेची कॅप्रिस ही गाडी अमेरिकेत फक्त पोलिसांना विकली जायची. ती ऑस्ट्रेलियात होल्डनच्या कारखान्यात बनायची. इंजिन जनरल मोटर्सचं नेहमीचं, म्हणून ते निभावलं, पण बाहेरच्या पत्र्याचे भाग समुद्रापारचे. २०१७ मध्ये तो कारखाना बंद झाला आणि कॅप्रिसही संपली. तिच्यामागे जनरल मोटर्ससारखी बलाढ्य कंपनी होती. ई-७ च्या मागे एक नमुना आणि एक रिकामा कारखाना होता.