दूध डेअरीला, भुकटी पोराला

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलंय, शाळेत खिचडी दिलीत ते ठीक, आता दूधही फुकट पाहिजे म्हणे, आमच्या टॅक्सवर किती जणांना पोसायचं. खाली अंगठेच अंगठे. तिथे काही बोलले नाही, काकू माझ्या भिशीत आहेत. पण डोकं फिरलंय म्हणून इथे लिहितेय.

2018 ला दुधाचे भाव पडले, लोकांनी रस्त्यावर दूध ओतलं, आठवतंय ना? दुधाची भुकटी पडून होती. ती खपवायला सरकारने शाळेतल्या पोरांना महिन्याला 200 ग्रॅमचं पाकीट द्यायचं ठरवलं, तेही तीनच महिने. माझा भाचा तेव्हा तिसरीत, संगमनेरकडे झेडपीच्या शाळेत. पाकीट घरी आलं ते अर्धंच. गडी वाटेत चिमटी चिमटीने कोरडीच खात आला, टाळूला चिकटलेली, ओठांभोवती पांढरं, आणि वहिनीला विचारतो, असलं दूध आपण का नाही आणत?

आणि गोठ्यात दोन गायी हो! सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला. चहापुरतं तांब्यात काढायचं, बाकी सगळं किटलीत, कारण दहा दिवसांनी दुधाचा पगार झाला की आधी पेंडवाल्याची उधारी. पोराला पेलाभर दे म्हणणं सोपंय, मीही म्हणायचे, वहिनी नुसती बघायची माझ्याकडे.

आता म्हणाल, सरकारने दुधाला अनुदान दिलंच की. दिलं ना, 2024 ला लिटरला आधी 5 रुपये, मग 7. पण अटी अशा होत्या की फॅट 3.5, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) 8.5 लागली पाहिजे, गायीच्या कानात बिल्ला पाहिजे, तो ऑनलाईन चढलेला पाहिजे, मग बघू. माझं म्हणणं एवढंच की त्याच पैशातून गावच्या संकलन केंद्रावरचं ताजं दूध सरकारने बऱ्या भावाने घ्यावं आणि शाळेत उकळून पोरांना द्यावं. शेतकऱ्यालाही भाव, पोरालाही पेला. कर्नाटकात 2013 पासून क्षीरभाग्य चालू आहे, 150 मिली गरम दूध, शाळेतच. तेही भुकटीचंच, मान्य. पण पोरं बसून पितात तरी, वाटेत चाटत नाहीत जात.

नासायची भीती आहे, खरंय. मास्तरांच्या डोक्यावर अजून एक रजिस्टर येईल, तेही खरं, त्या बिचाऱ्यांना शिकवायला वेळ कधी मिळतो देव जाणे.

काकांचा तसा राग नाही. त्यांची सून नातवामागे दुधाचा कप घेऊन लिफ्टपर्यंत धावते, मी रोज बघते, चांगलंच आहे, प्यावं पोराने. पण मग दुसऱ्याच्या पोराचा पेला तेवढा टॅक्सवर कसा येतो? आमचा भाचा ती भुकटी बोटाने पुसून खात होता, पाकीट उलटं करून झटकत होता.

आणि सरकारचंही काय सांगायचं. शाळेत अंडी 2023 च्या शेवटी सुरू केली, 2025 च्या जानेवारीत पैसे बंद, लोकवर्गणीतून द्या म्हणे. लोकवर्गणी! गावात देवळाच्या कळसाला वर्गणी निघते, अंड्याला कोण देतंय.

कमेंटमध्ये कुणी लॅक्टोज-बिक्टोज सुरू करू नका प्लीज. पचत नाही त्याला केळं द्या. अंडं न खाणाऱ्यांना देतच होते की.