फ्रेंचचा पुढचा वर्ग म्हणजे पैसे पाण्यात?

गेल्या महिन्यात आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. वर दोन बाण, म्हणजे आधीच गावभर फिरून आलेला. मथळा असा: 'ए-टू झालं की फ्रेंचचा क्लास सोडा!' (ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू या भाषेच्या चढत्या पातळ्या.) खाली पाच मुद्दे. इंग्रजी येतं त्याला अर्धी फ्रेंच येतेच. क्लासमध्ये शिकवतात ते सबजाँक्टिफ (इच्छा, गरज सांगताना येणारं क्रियापदाचं रूप) वगैरे फ्रेंच माणूस बोलताना वापरत नाही. ॲपवर सहा महिन्यांत बी-टू होतं. क्लासमध्ये बोलायलाच मिळत नाही. आणि चुका काढून काढून बोलणाऱ्याचं तोंड बंद करतात. फॉरवर्ड करणारा माझाच विद्यार्थी. त्यानं खाली स्वतःची एक ओळ फ्रेंचमध्ये लिहिली होती. त्या ओळीकडे नंतर येते.

मी विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गाला बी-वन शिकवते, तेव्हा माझा यात स्वार्थ आहे हे आधीच कबूल. पण मेसेज नुसता खोटा असता तर मी लिहायला बसले नसते. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच पसरतो.

'इंग्रजी येतं त्याला अर्धी फ्रेंच येतेच.' शब्दांपुरतं म्हणाल तर यात दम आहे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, पुढची दोन-तीनशे वर्षं दरबारात आणि कोर्टकचेरीत फ्रेंच चालली आणि हजारो शब्द इंग्रजीत मुरले. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात फ्रेंच वर्तमानपत्राचे मथळे कळल्यासारखे वाटतात. 'कळल्यासारखे' हाच शब्द बरोबर आहे. कारण 'लिब्रेरी' म्हणजे लायब्ररी नाही, पुस्तकाचं दुकान. 'आक्त्युएलमाँ' म्हणजे ॲक्च्युअली नाही, सध्या. 'साँसीब्ल' माणूस समंजस नसतो, हळवा असतो. एका मुलानं मुलाखतीच्या सरावात 'मी एका परिषदेत मदत केली' या अर्थानं 'आसिस्ते' वापरलं. ऐकणाऱ्याला कळलं ते इतकंच की हा तिथे हजर होता.

शब्दांचं एक वेळ चालेल, पाठ होतात. खरा घोळ वाक्याच्या बांधणीत आहे, आणि तिथे इंग्रजी आपल्याला सरळ खड्ड्यात नेते. आमच्या वर्गातली बहुतेक मुलं मराठीत विचार करतात, मग इंग्रजीत वाक्य बांधतात आणि ते फ्रेंचमध्ये ओततात. मधलं स्टेशन कशाला घेता, हे मी पहिल्या तासापासून विचारते. 'सा म प्ले' हे वाक्य घ्या. इंग्रजीतून आलात तर उलटं वाटतं. मराठीतून आलात तर ते निव्वळ 'मला ते आवडतं' आहे: आवडणारी वस्तू कर्ता, आणि ज्याला आवडते तो 'मला'. 'इल म फो दु ताँ' म्हणजे 'मला वेळ लागतो'. 'त्यु म माँक' हे तर इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं कायमचं दुखणं. मिस कोण करतंय आणि कोणाला, यात ती पंधरा मिनिटं गटांगळ्या खातात. मी फळ्यावर लिहिते: 'तू मला कमी पडतोस.' वर्ग हसतो, पण पुन्हा चुकत नाही.

भूतकाळाचंही तेच. पासे काँपोझे आणि अँपार्फे या फ्रेंचच्या दोन भूतकाळांतला फरक म्हणजे मध्यम पातळीचा घाटरस्ता. इंग्रजीचं 'वेंट' दोन्हीकडे चालतं, त्यामुळे इंग्रजीतून येणाऱ्याला कुठलं रूप कुठे हे पाठच करावं लागतं. मराठीला ते सांगावं लागत नाही. 'काल शाळेत गेलो' आणि 'लहानपणी चालत शाळेत जायचो' या दोन वाक्यांत कोणी गल्लत करतं का? पहिलं पासे काँपोझे, दुसरं अँपार्फे. (या 'जायचो'चं फ्रेंच रूप ऐकायला जवळजवळ आपल्या 'झाले'सारखं आहे, त्यामुळे ते रूप आमच्या वर्गात विनोदासकट पाठ होतं.)

आणखी एक नमुना देते, कारण तो माझा लाडका आहे. 'मी पत्र लिहिलं', पण 'मी चिठ्ठी लिहिली'. लिहिणारी मीच, पण क्रियापद वळतं चिठ्ठीकडे. फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं की असंच होतं: 'ला लेत्र क झे एक्रीत', मी लिहिलेली चिठ्ठी. शेवटचा 'त' त्या चिठ्ठीच्या स्त्रीलिंगाचा. कर्म नंतर आलं तर मात्र नुसतं 'एक्री'. हा नियम सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीनं इटालियनच्या धर्तीवर रुजवला म्हणतात, आणि खुद्द फ्रेंच लोक त्यात आजही चुकतात. मराठी मुलाला यातला निम्मा भाग आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो. फक्त तो आपल्याकडे आहे हे कोणीतरी दाखवावं लागतं. इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी बनवलेलं ॲप ते कुठून दाखवणार?

मराठी सगळीकडे तारते असं नाही. आपला चंद्र पुरुष, त्यांचा बाई. समुद्रही बाई.

आता सबजाँक्टिफ. 'फ्रेंच माणूस बोलताना वापरत नाही' हे वाक्य कुठून आलं असावं याचा मला अंदाज आहे. फ्रेंचमध्ये दोन गोष्टी बोलण्यातून खरंच गेल्या आहेत. एक पासे सँप्ल हा भूतकाळ, जो कथा-कादंबऱ्यांत आणि इतिहासाच्या पुस्तकांत भेटतो. दुसरं सबजाँक्टिफचंच भूतकाळी रूप, अँपार्फे दु सबजाँक्टिफ, जे आज कोणी बोललं तर समोरचा भुवया उंचावेल. कोणीतरी हे ऐकलं, त्यातला 'भूतकाळी' गाळला आणि अख्खा सबजाँक्टिफ मोडीत काढला. साधा, वर्तमानकाळी सबजाँक्टिफ टाळून मात्र पॅरिसमध्ये एक दिवस काढून दाखवा. 'मला निघायला हवं' म्हणायचं तर 'इल फो क झाय'. शाळकरी पोर म्हणतं, भाजीवाला म्हणतो.

हेही मराठीतून बघा. 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे.' हे 'यावंस' शाळेत विध्यर्थ म्हणून शिकलो, तेच इथे सबजाँक्टिफ: 'झ व्ह क त्यु व्ह्येन'. पण 'तू येशील अशी आशा आहे' म्हणताना आपण 'यावंस' म्हणत नाही, आणि फ्रेंचही आशेनंतर साधा भविष्यकाळच घेते. इच्छेला एक रूप, आशेला दुसरं, दोन्ही भाषांत सारखंच! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी स्वतः वही मिटून पाच मिनिटं नुसती बसले होते. पुढे 'तो येईल असं वाटत नाही' अशा नकारी वाक्यात ही जोडी तुटते, तिथे फ्रेंच सबजाँक्टिफ घेते आणि आपण घेत नाही. पण तोवर अर्धा डोंगर चढून झालेला असतो.

मेसेजच्या या मुद्द्यात एक गोष्ट मात्र मान्य. क्रमिक पुस्तक 'मला माहीत नाही' हे 'झ न से पा' असं शिकवतं, आणि रस्त्यावर ऐकू येतं 'शे पा'. नकारातला 'न' बोलताना सर्रास गळतो. हे वर्गात सांगितलंच पाहिजे. न सांगणारे शिक्षक आहेत, आणि त्यांच्या वर्गातून कोणी उठून गेलं तर मी त्याला दोष देणार नाही.

'ॲपवर सहा महिन्यांत बी-टू.' इथे नुसता गुणाकार करा. रोज 15 मिनिटं, 180 दिवस, म्हणजे 45 तास. नुसतं बी-वन गाठायला शून्यापासून साधारण 350 ते 400 तास धरतात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांसाठी फ्रेंच सोप्या गटात मोजतं, तरी पूर्णवेळ 30 आठवडे देतं. आमच्या वर्गात निम्मी मुलं कॅनडासाठी आलेली असतात, त्यांनी तर हा मुद्दा नीट वाचावा. एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे तिथे कायमचं राहायला जाण्याच्या गुणांवर चालणाऱ्या अर्जपद्धतीत, फ्रेंचचे जादा 50 गुण हवे असतील तर जरा बऱ्या इंग्रजीबरोबर कॅनडाच्या मोजपट्टीवरची फ्रेंचची सातवी पातळी लागते, आणि तीही ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही गोष्टींत. ती साधारण बी-टूच्या आसपास येते. फ्रान्समध्येही 2024 च्या कायद्यानं अट कडक झाली: 1 जानेवारी 2026 पासून दहा वर्षांच्या रहिवासी कार्डाला बी-वन आणि नागरिकत्वाला बी-टू. ॲप शब्द घोटायला छान आहे, लोकलमध्ये उभ्या उभ्या जरूर करा. पण 45 मिनिटांत 160 शब्दांचं पत्र स्वतःच्या डोक्यातून लिहायला ते शिकवत नाही, आणि डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेत, बी-वनच्या लेखी भागात, नेमकं तेच करायचं असतं.

'क्लासमध्ये बोलायलाच मिळत नाही.' खरं आहे. माझ्या वर्गात 32 जण आहेत आणि तास 90 मिनिटांचा. मी अक्षरशः तोंड शिवून बसले तरी एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटंही येत नाहीत. जोड्या करून बोलायला लावते, मग मागच्या बाकावर दोन मिनिटांत मराठी सुरू होतं. यावर माझ्याकडे फार चांगलं उत्तर नाही. काही मुलं शनिवारी टेकडीवर चालता चालता फक्त फ्रेंच बोलायचं असं ठरवून जातात. त्यांचं बोलणं खरंच सुटलं. पण ती तिथे बोलतात ते आठवडाभर वर्गात दुरुस्त झालेलं फ्रेंच.

राहता राहिला शेवटचा मुद्दा, 'चुका काढून तोंड बंद करतात.' ए-वनला चुका सोडून द्याव्यात, याबद्दल माझं दुमत नाही. तेव्हा तोंड उघडणं महत्त्वाचं. मध्यम पातळीवर गोष्ट बदलते. इथे विद्यार्थी अस्खलित बोलायला लागलेला असतो, समोरच्याला कळतंही, त्यामुळे चूक अडत नाही आणि म्हणूनच मुरते. लोणच्यात मुरते तशी. दोन वर्षांनी ती काढायला जाल तर फोडीबरोबर सालही निघेल.

अशी एक चूक खास आपल्या मराठीतून येते. 'कळलं असतं तर आलो असतो.' दोन्हीकडे 'असतं'. म्हणून आपण फ्रेंचमध्येही दोन्हीकडे 'असतं'चं रूप घालतो, 'सी झोरे स्यु' म्हणतो. ते चूक. 'जर'च्या बाजूला तिथे पूर्ण भूतकाळ लागतो, 'सी झाव्हे स्यु', आणि 'असतं' फक्त दुसऱ्या बाजूला. फ्रेंच पोरंही इथेच घसरतात. त्यांच्या शाळेत यासाठी करवतींना 'रे' मासे आवडत नाहीत असं एक शाब्दिक कोटीचं वाक्य घोकून घेतात, कारण 'जर' आणि करवत यांचा उच्चार एकच, 'सी', आणि 'रे' म्हणजे 'झोरे'च्या शेवटी येतो तोच, 'जर'च्या बाजूला नको असलेला. थोडक्यात, ही चूक ऐकणाऱ्याला कळते, त्यामुळे टेकडीवर ती कोणी सुधारणार नाही. कॅफेतला वेटर तर मुळीच नाही.

तर ग्रुपवरच्या मेसेजखालची ती ओळ. 'आधी माहीत असतं तर फी भरली नसती,' असं त्याला म्हणायचं होतं. सुरुवात होती 'सी झोरे स्यु'. ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. गुरुवारी तो आला, नेहमीच्या खिडकीजवळच्या बाकावर बसला, आणि मी श्रुतलेखनाचं पहिलं वाक्य सांगितलं. बत्तीस डोकी खाली वाकली. त्याचं पेन 'सी'नंतर थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, ओशाळं हसला, आणि 'झाव्हे' लिहिलं.